रुपयाएवढा जुना रंग

रंग कुणीही लावतो. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात तोही रंगच. पण ट्रक आठ वर्षं उन्हात उभा राहिला, चार राज्यांचा पाऊस त्यानं खाल्ला आणि तरी दाराचा रंग हलला नाही, तर ज्यानं तो लावला त्याला पेंटर म्हणायचं. आमच्या कामात रंग हा शेवटचा पाहुणा. त्याच्या आधी खरवडणं, पत्रा ठोकून सरळ करणं, लप्पम भरणं, वाळलेलं लप्पम पुन्हा घासणं, मग अस्तर. लप्पम म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचा लगदा. लोकांना फक्त वरचा रंग दिसतो. खालचं काम ज्याला दिसतं तो एकतर पेंटर असतो, नाहीतर दोन वर्षांनी शिव्या देत परत आलेलं गिऱ्हाईक. माझ्याकडं शिव्या देत कुणी परत आलं नाही. एकदा सोडून. त्या एकदाचंच इथं सांगायचं आहे, आणि त्यानं तर शिव्याही दिल्या नाहीत.

बीदर जिल्ह्यात, मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला, चिंचेच्या झाडाखाली, माझं दुकान आहे. शाळा तिसरीपर्यंत. मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत मी अक्षरं रंगवतो आणि एकाही लिपीत भरभर वाचत नाही. तरी ट्रकच्या पाठीवरचं माझं अक्षर बघून शिकलेली माणसं गाडी हळू करतात. हे लिहिलेलं शेजारच्या मास्तरांनी तपासलं. काना-मात्रा त्यांना नीट करू दिल्या. शब्द एकही बदलू दिला नाही.

गिऱ्हाईक रंगाचं नाव कधी सांगत नाही. वस्तू सांगतं. एक शेतकरी ट्रॅक्टरला वांग्याचा रंग पाहिजे म्हणून वांगंच घेऊन आला. ठेवून गेला. मी रंग जुळवायला बसलो तोवर तीन दिवस गेले, वांगं सुकून काळपट झालं. मी समोर होतं त्याला जुळवून रंग दिला. शेतकरी आला, ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "अगदी तसाच आणलाव की अप्पा!" माणसाच्या डोळ्याला रंग आठवत नाही. त्याला वाटतं, आठवतोय.

म्हणूनच माझ्या उस्तादांनी मला एक रीत शिकवली. उस्ताद बीदरचे. टांगे, बैलगाड्या, नंतर ट्रक, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. कुठलीही गाडी नव्यानं रंगवायची तर तिच्या अंगावर कुठंतरी झाकलेल्या जागी रुपयाएवढा जुना रंग तसाच सोडायचा. सीटखाली, पेटीमागं, कुठंही. मी पहिल्यांदा तो ठिपका पुसून टाकला, तेव्हा त्यांनी कानफटात दिली आणि म्हणाले, "पुराना रंग पूरा नक्को मिटा रे. उनेच गवाह रहता. कल कू कोई पूछा तो तू क्या बोलता?" त्या ठिपक्याला ते गवाहच म्हणायचे, म्हणजे साक्षीदार. तेव्हापासून मी गवाह सोडल्याशिवाय गाडी दिली नाही.

त्याचा उपयोग एकदा असा झाला. निंबर्ग्याच्या एका माणसाचा ट्रॅक्टर चोरीला गेला. चार महिन्यांनी सापडला, पण निळ्याचा लाल झालेला, नंबर खरवडलेले. ज्याच्याकडं सापडला तो म्हणे, माझाच. ठाण्यावर मला बोलावलं, कारण निळा मी केला होता. मी साहेबांकडून पाना मागून घेतला, बॅटरीची पेटी उतरवली. मागच्या पत्र्यावर माझा निळा, आणि निळ्याच्या मधोमध कारखान्याच्या नारिंगी रंगाचा रुपयाएवढा ठिपका. चोराचा लाल तिथपर्यंत पोचलाच नव्हता. चोर माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्ये कशाला ठिवलतास रे म्हाताऱ्या?" मी म्हणालो, "तुझ्यासाठीच ठिवलं हुतं बाबा." साहेबांनी चहा पाजला.

एवढं सांगितलं ते माझी मोठाई सांगायला नाही. थोडी मोठाई आहे. पण पुढचं कळायला हे लागतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी हैदराबादहून येणारा एक टेम्पो दुकानासमोर थांबला. टेम्पोवाला माझा जुना ओळखीचा. मागं दोरानं बांधलेली एक विचित्र गाडी. चार लहान चाकं, वर छप्पर, बाजूला दारं नाहीत, दोन माणसांचं बाकडं. बॅटरीवर चालते. गोल्फ नावाच्या खेळाच्या मैदानावर असल्या गाड्या असतात. त्या खेळात चेंडू आपणच लांब मारायचा आणि आपणच गाडीत बसून त्याच्या मागं जायचं. शहाण्या माणसानं जवळ मारावा. पण खेळ त्यांचा.

टेम्पोतून दोघं उतरले. मुलगा सिद्धार्थ, औरादला बँकेत नोकरीला. आणि त्याचे वडील तुळशीराममामा, चिंताकीचे. मामांचे दोन्ही गुडघे गेलेले, काठी टेकत टेकत आले. तीस वर्षं मामा हैदराबादेत त्या मैदानावर गवताचं काम करत होते. खेळणाऱ्यानं काठी मारली की चेंडूबरोबर हिरवळीचं ढेकूळ उडतं. ते उचलून परत बसवायचं, वर वाळू टाकायची, पंज्यानं सारखं करायचं. हातात पंजा, खांद्यावर वाळूची पिशवी आणि पुढं गाडी. जुन्या गाड्या मैदानवाल्यांनी मोडीत काढल्या तेव्हा सिद्धार्थनं एक घेतली. घरापासून शेत लांब, वडिलांना चालवत नाही, म्हणून.

सिद्धार्थ म्हणाला, "अप्पा, झकास करून द्या. बुद्ध पौर्णिमेला बाबा हिच्यात बसून विहारात जायलेत. सगळं गाव बघणार हाय."

मी गाडीवरनं तळवा फिरवला. तळव्याला खडूसारखी पांढरी भुकटी आली. अंगाचा रंग शिळ्या ताकासारखा झालेला, हिरवा म्हणावा तर हिरवा नाही. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, बंपर, छपराचे पाय, सगळं राखेसारखं. पुढं नऊ आकडा, तोही अर्धा उडालेला.

"लाल करू," मी म्हणालो. "ट्रकचा लाल. दोन कोसांवरनं दिसंल."

मामा म्हणाले, "अप्पा, रंग नका लावू. नुसती घासा. हिचा रंग आत हाय."

"आत म्हंजे?"

"ही पत्र्याची न्हाई, फायबरची हाय. रंग वरनं दिलेला नसतोय, अंगातच असतोय. वरची कातडी तेवढी उन्हानं मेलीया. तिकडं दरसाल खरखरीत कागद पाण्यात भिजवून घासायचे, मग पॉलिश. आतनं हिरवीगार निघायची."

आता माझं वय, माझं नाव, आणि गवत कापणारा माणूस मला रंग शिकवणार. मी म्हणालो, "मामा, गवतातलं तुमी सांगा, मी ऐकतो. गाडीतलं मला सांगू नका. आन नुसतं घासायला मी काय भांडी घासणारा हाय?"

टेम्पोवाला हसला. मामा हसले नाहीत. "बरं," म्हणाले आणि काठी टेकत टेम्पोत जाऊन बसले.

मी गाडी लाल केली. पत्र्याला जे करतो तेच सगळं केलं. जाड कागदानं खरवडली, लप्पम भरलं, अस्तर मारलं, वर लाल. डाव्या मडगार्डवर हातभर लांब ओरखडा होता, खोल. तो असा बुजवला की बोटालाही लागू नये. काळ्या पट्ट्यांना काळा रंग. वैशाखाचं ऊन, दोन तासांत वाळायचं. पाच दिवसांत गाडी चिंचेखाली अशी झळकायला लागली की हायवेवरच्या बसगाड्या हळू व्हायच्या.

दोन गोष्टी मात्र सांगायला पाहिजेत. सीट उचलली तेव्हा आतल्या कडेला, जिथं ऊन लागत नाही तिथं, मला चांगला गर्द हिरवा रंग दिसला होता. मामा म्हणाले होते तोच. मी बघितला आणि न बघितल्यासारखं केलं. आणि दुसरी गोष्ट, त्या हिरव्यावरही मी फवारा मारून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गवाह सोडला नाही. मनात म्हणालो, ही काय गाडी आहे का? खेळणं. खेळण्याला कसला गवाह?

पौर्णिमेला सात दिवस होते तेव्हा बापलेक टेम्पो घेऊन गाडी न्यायला आले. सिद्धार्थ खूश झाला, फोनवर फोटो काढत सुटला. मामा काठी टेकत डाव्या बाजूला गेले. मडगार्डवर हात ठेवला. चाचपला. पुन्हा मागंपुढं चाचपला.

"हितला ओरखडा कुठाय?"

"बुजवला की!" मी छाती काढून म्हणालो. "शोधून दावा."

मामांनी हात काढून घेतला. "तो माझ्या पंजाचा हुता," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कामाला लागल्याच्या पहिल्याच वर्षी त्यांचा लोखंडी पंजा निसटून नऊ नंबरच्या गाडीवर पडला. साहेबानं सगळ्यांदेखत झाडलं आणि ताकीद दिली, आजपासून गाडीच्या दहा हात मागं चालायचं. बसायचं तर लांबच, हातही लावायचा नाही. तेव्हापासून तीस वर्षं मामा दहा हात मागून चालले. पुढं तो ओरखडा दिसत राहायचा. मोडीत एवढ्या गाड्या होत्या, पण त्यांनी मुलाला सांगितलं होतं, घ्यायची तर नऊ नंबरच घे.

"हिच्यातच बसायचं हुतं मला," मामा म्हणाले. "ही आता दुसरीच झाली. असू द्या. चांगली झालीया. अप्पांनी लई मेहनत घेतलीया, सिद्धार्था."

त्या माणसानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी आठ घातल्या असत्या आणि रात्री झोपलो असतो. त्यानं माझ्या मेहनतीचं कौतुक केलं. मला राग आला. कुणाचा आला ते कळेना, म्हणून मी टेम्पोवाल्यावर ओरडलो, "चढव की गाडी! बघायलास काय?"

गाडी फळ्यांवरून टेम्पोत ढकलली. टेम्पोवाल्यानं मडगार्डवरून दोर टाकला आणि पाय देऊन ताणला. दोर सरकला. आणि दोराबरोबर माझा लाल रंगही सरकला. तळहाताएवढा तुकडा उठला, त्याच्या मागून वीतभर, मग एकदम दोन हात. पापडासारखा. त्याच्याबरोबर लप्पमची खपली खाली पडली.

टेम्पोवाला दोर हातात धरून म्हणाला, "अप्पा, ये रंग हय की पापड?"

मी तो तुकडा उचलून उलटा केला. त्याच्या पोटाला पांढरी भुकटी चिकटलेली. मेलेल्या कातडीवर मी रंग दिला होता, आणि कित्येक वर्षांचं मेणाचं पॉलिश अंगात मुरलेलं. रंग अंगाला धरलाच नव्हता, भुकटीला धरला होता. जाताना भुकटी घेऊन गेला. आणि खाली, मडगार्डवर, हिरवा. ज्वारी पोटऱ्यात येते तेव्हाच्या पानाचा हिरवा. त्या हिरव्यात मामांच्या पंजाचा ओरखडा.

मामा टेम्पोच्या फळीला धरून उभे होते. डोळ्यांत पाणी होतं की घाम, मी बघितलं नाही.

"उतरवा," मी म्हणालो.

"अप्पा, सातच दिवस ऱ्हायलेत," सिद्धार्थ म्हणाला.

"मला मोजता येतंय. उतरवा. आन मामा, तुमी जायचं न्हाई. हितं बाजंवर बसायचं आन सांगायचं."

मामा सहा दिवस आमच्याकडं राहिले. पहिल्या दिवशी ते बाहेर बाजेवरच ताटाची वाट बघत बसले, तेव्हा माझी बायको दारातून म्हणाली, "हॉटेल न्हाई ह्ये मामा, घर हाय. आत या, पाट टाकलाय." सहाही दिवस आम्ही दोघं शेजारी बसून जेवलो.

काम असं होतं. आधी सगळा लाल नखानं, लाकडी पट्टीनं उचकटून काढायचा. मग पाण्यात भिजवलेला बारीक कागद, त्याहून बारीक, त्याहूनही बारीक. मग घासायचं पॉलिश, मग मेण. माझ्या जाड कागदाचे ओरखडेच काढायला दोन दिवस गेले. फवाऱ्याची बंदूक नाही, मशीन नाही, नुसता हात. मामा बाजेवरून बघायचे.

"अप्पा, जोर नका लावू."

"बरं."

"गोल नका फिरवू. एका अंगानं."

"बरं म्हणलं की."

"पाणी वता. कोरडं व्हायलंय."

उस्ताद गेल्यापासून मला 'असं न्हाई' म्हणणारा कुणी राहिला नव्हता. पहिल्या दिवशी ते कानाला टोचलं. तिसऱ्या दिवशी मीच मान वर करून विचारू लागलो, "मामा, आता?" बायको पाण्याची बादली घेऊन आली आणि म्हणाली, "भांडी घासणारा न्हाई म्हणालताव न्हवं? मग आता काय करायलाव?" मामा त्या दिवशी पहिल्यांदा खळखळून हसले. मी पण हसलो, पण घासताना मान खाली असते, कुणाला दिसलं नसेल.

काळ्या पट्ट्यांवर मात्र मामांकडं उत्तर नव्हतं. "तिकडं बाटलीतनं कायतर आणायचे. दोन महिन्यांत परत पांढरं," म्हणाले. तिथं मी माझी विद्या काढली. बैलगाडीच्या चाकाला आम्ही जवसाचं उकळलेलं तेल पाजतो. तेच काळ्या प्लास्टिकवर अगदी पातळ हातानं लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, जास्तीचं कोरड्या फडक्यानं पुसून काढलं. जाड राहिलं तर चिकट होतं आणि धूळ धरतं, म्हणून पुसणं हेच काम. राखेतून काळा वर आला, ओल्या दगडासारखा. मामा बाजेवरून उठून आले, बोट फिरवलं.

"ह्ये तिकडं कुणाला जमलं न्हवतं, अप्पा."

"तिकडं बैलगाड्या न्हवत्या," मी म्हणालो.

मडगार्ड सगळ्यात शेवटी घेतलं. ओरखड्याच्या दोन्ही अंगांनी घासत गेलो, ओरखड्यावर कागद नेला नाही. मामांनी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नाही. पुढचा नऊ आकडा नव्यानं काढला, जसा होता तसाच, माझी वेलबुट्टी न घालता. ते मला जड गेलं.

शेवटच्या दिवशी सीट उचलली. आतली सगळी कड मी साफ केली होती, पण कोपऱ्यात एका ठिकाणी रुपयाएवढा लाल राहिला होता. तिथं पॉलिशवाल्याचा हात कधी पोचला नव्हता, उन्हानं कातडी मेली नव्हती, म्हणून तेवढ्याच जागी माझा रंग पक्का धरला होता. मी पट्टी घेतली.

"ऱ्हाऊ द्या ते," मामा मागून म्हणाले.

"चूक हाय ती माझी, मामा."

"व्हय. म्हणून तर ऱ्हाऊ द्या." जेवताना मी त्यांना उस्तादांचं सगळं सांगितलं होतं. "तुमच्या उस्तादांनीच सांगितलंय न्हवं, गवाह लागतोय म्हणून?"

मी पट्टी खाली ठेवली. गाडीला गवाह मी सोडला नव्हता, ते काम गाडीनंच करून घेतलं होतं. फक्त रंग उलटा.

पौर्णिमेला टेम्पोबरोबर मी चिंताकीला गेलो. गाडी उतरवायला मी पाहिजेच असं काही नव्हतं. तरी गेलो. संध्याकाळी गल्लीत गाडी उभी केली, सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत गोळा झालेलं. कुणी ओरखड्याकडं बोट केलं, "ह्ये राहिलं की पेंटरअप्पा!" मामा म्हणाले, "राहिलं न्हाई. ठिवलंय." आणि ते चालवायच्या बाजूला बसले. मी म्हणालो, "मामा, सिद्धार्थला चालवू द्या." ते म्हणाले, "तीस वर्षं बघितलंय अप्पा, कुठं पाय दाबतेत ते." दाबला. गाडी निघाली, थोडी झटक्यानं, पण निघाली. माणसं पुढं चालू लागली.

मी मागं राहिलो. हात पाठीशी बांधून, काम झालेला पेंटर उभा राहतो तसा. दहा-बारा हातांवर जाऊन गाडी थांबली. मामांनी बाहेर डोकावून बघितलं.

"कामून थांबलाव तिथं?"

"तुमी चला. मी येतो मागनं."

"न्हाई." मामांनी शेजारच्या सीटवर हात आपटला. "ह्या गाडीमागं चालायचं असतंय ते सगळं मी चालून झालंय. आता मागनं कुणी यायचं न्हाई. बसा."

जन्मभर मी गाड्या रंगवल्या आणि रंगवलेल्या गाडीत कधी बसलो नाही. मालक न्यायला यायचे, घेऊन जायचे. मी गेलो आणि बसलो. आमच्या दोघांच्या खाली, सीटच्या आतल्या कोपऱ्यात, माझा तो लाल रुपया होता. असल्या गाडीला आवाज नसतो. विहार येईपर्यंत पुढं चालणाऱ्यांची पावलं तेवढी ऐकू येत होती.